चाळीस फोन, एक अपडेट: आधी चार, मग बाकीचे

‘मालक, बिलच निघंना झालंय.’ गगनबावड्याच्या लाईनवरून सकाळी असा फोन आला, तर रात्री फोनने अपडेट घेतलंय का ते आधी विचारा. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतली एखादी वितरण एजन्सी धरू: ४० अँड्रॉइड फोन, बिलिंगचं एक ॲप आणि प्रत्येक सेल्समनकडे ५८ मिमी कागदाचा ब्लूटूथ प्रिंटर.

अपडेट मागे घेता येत नाही, हे धरूनच चाला. दोन कप्प्यांच्या पद्धतीचे फोन (अँड्रॉइड ७ पासून ही सोय आहे) नवी आवृत्ती रिकाम्या कप्प्यात भरतात आणि ती सुरूच झाली नाही तर जुनीवर परततात. पण फोन व्यवस्थित सुरू झाला आणि फक्त तुमचं बिल अडलं, तर फोनच्या लेखी सगळं ठीकच असतं. जुनी आवृत्ती परत टाकायला बहुतेक फोनवर बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टम सुरू करणारा प्रोग्रॅम) उघडावा लागतो, आणि तो उघडला की फोनमधला सगळा डेटा जातो.

म्हणून आधी आपोआप होणारं अपडेट थोपवा. फोन एमडीएममध्ये (कंपनीचे सगळे फोन एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) असतील तर सिस्टम अपडेट ‘पुढे ढकला’वर ठेवा, अपडेट आल्यापासून ३० दिवस मिळतात. वापरातला फोन पूर्णपणे एमडीएमखाली आणायला मात्र फॅक्टरी रीसेट लागतो, तेव्हा ते काम नवीन फोन घेतानाच उरकलेलं बरं. एमडीएम नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधला लपवलेला मेनू) ‘ऑटोमॅटिक सिस्टम अपडेट्स’ बंद करता येतं. बँकांची काही ॲप डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की कुरकुरतात, त्यामुळे यूपीआय लगेच तपासून घ्या. प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेटही बंद करा. ॲप आणि सिस्टम एकाच आठवड्यात बदललं, तर दोष कुणाचा यावर नुसता वाद होतो.

चाचणीचे चार फोन निवडताना कपाटातला कोरा फोन घेऊ नका. प्रत्येक मॉडेलचा सगळ्यात जुना, मेमरी भरत आलेला, व्हॉट्सॲपच्या फोटोंनी तुंबलेला फोन घ्या, आणि त्यातला एक तरी डोंगरी लाईनवरचा असू द्या. कोऱ्या फोनवर सगळं चालतं. भानगड होते ती जुन्या डेटावर नवी आवृत्ती चढते तेव्हा.

अपडेटआधी अडकलेली बिलं सर्व्हरवर चढली का ते पाहा, ८ ते १० जीबी जागा मोकळी करा आणि बिल्ड नंबर (सिस्टमच्या आवृत्तीचा क्रमांक) व सिक्युरिटी पॅचची तारीख वहीत लिहा. फोनमधल्या गूगल खात्याचा पासवर्ड माहीत असलाच पाहिजे. काम सोडून गेलेल्या पोराचा जीमेल आत असेल आणि रिकव्हरीतून (बटणं दाबून उघडायच्या दुरुस्तीच्या मेनूतून) रीसेट करायची वेळ आली, तर फोन तोच जीमेल मागत बसतो.

अपडेटनंतर पहिला दिवस फोन तापतो आणि बॅटरी खातो, कारण मागे सगळी ॲप नव्याने जुळवली जात असतात. बॅटरीबद्दल तिसऱ्या दिवसाआधी मत बनवू नका. बिलाची चाचणी मात्र त्याच दिवशी. एअरप्लेन मोड लावून दहा बिलं करा, मग नेट चालू करा. ऑफिसात दहाच दिसली पाहिजेत. नऊ आली तर घोटाळा, अकरा आली तर त्याहून मोठा, कारण दुबार बिल गिऱ्हाईक आधी पकडतं.

मग प्रिंट. बरीच ॲप मराठी बिल चित्र करून पाठवतात आणि या प्रिंटरला एका ओळीत साधारण ३८४ ठिपके मिळतात. फोनचा फाँट किंवा अक्षराचा आकार बदलला की ‘कांदा-लसूण मसाला ५०० ग्रॅम’ची रक्कम खालच्या ओळीत घसरते. अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं करता येतं. चष्मा विसरणारा एखादा ते करणारच, म्हणून तसंही एक बिल काढा. प्रिंटर जोडलाच जात नसेल तर आधी ॲपची ‘जवळपासची डिव्हाइस’ ही परवानगी पाहा. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथची परवानगी तिथे गेली आहे.

जुन्या ॲपची एक गंमत लक्षात ठेवा. अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या आवृत्तीसाठी बांधलेलं ॲप अँड्रॉइड १४ वर नव्याने बसत नाही, पण आधीपासून असलेलं अपडेटनंतर राहतं. ‘काढून परत टाकून बघ’ हा नेहमीचा सल्ला तिथे अंगाशी येतो.

चार फोनवर पाच दिवस, त्यात हिशेबाचा शनिवार धरून. पुढे दहा फोन, पुन्हा पाच दिवस. उरलेले २६ दोन रात्रींत. एवढ्या पायऱ्या कशाला? समजा दोष वीसातल्या एका फोनवर येतो. चार फोनांत तो न दिसण्याची शक्यता ८१ टक्के आहे. १४ फोन झाले तरी जवळजवळ ४९ टक्के. म्हणजे ‘चारवर चाललं’ याचा अर्थ फक्त सर्रास येणारा दोष नाही, इतकाच. कधी थांबायचं हे आधीच लिहून ठेवा: बिल, वसुली किंवा प्रिंट यांतलं काहीही एका फोनवर अडलं की पुढची तुकडी थांबवायची. जुन्या आवृत्तीचे दोन जादा फोन शेवटपर्यंत ड्रॉवरमध्ये राहू देत.

डाउनलोड गोदामाच्या वाय-फायवरच. मोठं अपडेट २.५ जीबीचं असेल तर रोजचा २ जीबीचा पॅक त्यातच संपतो आणि दिवसभर बिलं सरकत नाहीत. शेवटच्या २६ फोनांना मिळून ६५ जीबी लागतात. १०० एमबीपीएसच्या लाईनवर कागदोपत्री दीड तास, प्रत्यक्षात अर्धी रात्र. सकाळी गाडी सुटण्याआधी प्रत्येक फोनचा पिन टाकून घ्या. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन पडेपर्यंत बिलिंगसारखी ॲप सुरू होत नाहीत, लोकेशनही येत नाही.

बिलिंगचं ॲप तुमचंच असेल तर नवी आवृत्ती आधी ठरावीक टक्के फोनांनाच देण्याच्या प्ले स्टोअरच्या सोयीवर जाऊ नका. १० टक्के म्हणजे चार फोन खरे, पण कोणते चार ते प्ले ठरवतं. प्लेच्याच इंटर्नल टेस्टिंगमध्ये (निवडक लोकांपुरत्या चाचणीत) १०० जणांपर्यंत घेता येतात, तिथे हवे ते चार घाला. चुकीची आवृत्ती थांबवली तरी ज्यांनी घेतली त्यांच्याकडे ती राहते. जुनाच कोड वरचा व्हर्जन कोड (आवृत्तीचा चढता क्रमांक) देऊन पुन्हा पाठवावा लागतो.

गणपती ते भाऊबीज काही बदलू नये. अँड्रॉइड ९ पासून एमडीएममध्ये सलग ९० दिवसांपर्यंत अपडेट गोठवता येतं, आणि पुढच्या गोठवणीआधी ६० दिवसांचं अंतर लागतं. या काळात सिक्युरिटी पॅचही येत नाहीत, म्हणून चार-दहा-सव्वीसची पूर्ण फेरी गणपतीच्या तीन आठवडे आधी सुरू करा.