कॉम्प्युटर अडकतोय? डायग्नोस्टिक स्टार्टअप करून बघा

विंडोज १० किंवा ११ चालू झाल्यावर मशीन सारखं हँग होत असेल तर लगेच फॉरमॅट मारायच्या मागे लागू नका, आधी दोष विंडोजचा आहे की वरून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचा ते बघा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत msconfig (एमएसकॉन्फिग) टाइप करून एंटर मारा, जनरल टॅबमध्ये डायग्नोस्टिक स्टार्टअप निवडा, ओके करून रीस्टार्ट. आता फक्त अगदी गरजेचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) आणि सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम) चालू होतात, त्यामुळे नेट किंवा आवाज बंद दिसला तर घाबरू नका. पण एक सांगतो, यात कधीकधी पिन चालत नाही म्हणून अकाउंटचा पासवर्ड पाठ असल्याशिवाय हे करूच नका, नाहीतर लॉगिनलाच अडकाल.

आता मशीन नीट चाललं तर समजायचं की बहुतेक बाहेरचं काहीतरी नडतंय. मग परत msconfig उघडून सर्व्हिसेस टॅबमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवायच्या आणि उरलेल्यांपैकी अर्ध्या चालू करून रीस्टार्ट, परत अडकलं तर त्याच अर्ध्यात शोधा, असं करत करत सापडतं, जरा कंटाळवाणं आहे खरं. शेवटी नॉर्मल स्टार्टअप परत निवडायला विसरू नका.