पीक कर्ज आणि सावड: या चुका टाळा

मार्च उजाडला की गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या दारात तीच घाई. गटसचिव म्हणून टेबलाच्या या बाजूला बसून कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय.

पहिली चूक, नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं घ्यायला, सावकाराचे पैसे उचलणं. "चारच दिवसांचा प्रश्न आहे, भाऊसाहेब." एकाने 31 मार्चला 2 लाख असेच महिना शेकडा पाचने आणून भरले. पण कमाल मर्यादा पत्रक (कुणाला किती कर्ज, याची यादी), बँक शाखेची मंजुरी, एक कागद कमी, साहेब रजेवर... नवी उचल हातात पडेपर्यंत मे सरला. दोन महिन्यांचे 20,000 सावकाराला. वेळेत फेडलेल्या पीक कर्जाचं अख्ख्या वर्षाचं व्याज 4 टक्क्यांनी 8,000 होतं, आणि सरकारची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळाली तर 3 लाखांपर्यंत तेही शून्य. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि बिनतारणी 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60!

मी सांगतो, सोयाबीन विकून पट्टी हातात आली की त्याच आठवड्यात निम्मे भरून टाका. यावर तरण्या पोरांचं उत्तर ठरलेलं: "आणि माफी आली तर?" 2019 च्या माफीत व्याजासकट 2 लाखांवर थकलेले बाहेर राहिले होते. वाट बघत बसलेल्या काहींना मुद्दलाने नाही, चढलेल्या व्याजाने बाहेर काढलं.

जामिनाची सही भावकीच्या भिडेपोटी करू नका. कोऱ्या बॉंडवर तर कुणासाठीच नको.

कर्ज फिटलं की बेबाकी दाखला (काही बाकी नसल्याचा) घ्या आणि तलाठ्याकडून सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा. हे लोकांना जमीन विकतानाच आठवतं.

आता सावड, म्हणजे एकमेकांच्या रानात पाळीने बैल-माणसं लावणं. त्यातली भांडणं बहुतेक पेरणीची. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, सगळ्यांना एकदमच साधायचा असतो, मग बैल आधी कुणाच्या रानात? पाऊस पडल्यावर हे ठरवायला बसलात की झालीच भाऊबंदकी. हलक्या रानाला वाफसा आधी येतो, काळं रान थांबतं. आमच्याकडे क्रम त्यावरच आणि रोहिण्यांतच, पाऊस लागायच्या आधी, ठरतो. ट्रॅक्टर असेल तर डिझेल ज्याचं रान त्याचं, आणि तास त्याच दिवशी वहीत. "घरातलाच आहे, लिहायचं काय" म्हणणाऱ्याचे तास मी आधी लिहितो.