एकचाकीचा सीट क्लॅम्प: मैदानात उतरण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी कुणाकडून तरी व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी अचूक मोजायचं साधन, मागून आणा. सोसायटीत एखादा इंजिनिअर असतोच आणि त्याच्या माळ्यावर कॉलेजच्या काळातला व्हर्नियर धूळ खात पडलेलाही असतो. हे माप सगळ्यात आधी घ्यायचं, कारण एकचाकी सायकलच्या खरेदीत सर्वांत जास्त घोळ होतो तो क्लॅम्पच्या मापात. क्लॅम्प म्हणजे फ्रेमच्या नळीच्या तोंडावर बसणारं कडं. ते नळीला आवळतं, नळी दबते आणि आतला सीटचा दांडा घट्ट धरला जातो. म्हणजे क्लॅम्प दांड्याला नाही, नळीला बाहेरून बसतो. तरी दुकानात जाताना बहुतेक जण दांड्याची जाडी मोजून जातात आणि मग घरी आल्यावर कडं नळीवर चढतच नाही.

मापं दोन घ्या, दांड्याची जाडी आणि नळीची बाहेरून जाडी (क्लॅम्पचं माप म्हणजे हेच), कागदावर लिहा आणि कुठलं कशाचं तेही लिहा. नेहमी दिसणाऱ्या जोड्या अशा: दांडा २२.२ मिलिमीटर असेल तर क्लॅम्प २५.४ चा, दांडा २५.४ असेल तर क्लॅम्प २८.६ चा आणि दांडा २७.२ असेल तर साधारण ३१.८ चा. हे आकडे विचित्र वाटतात, कारण बरेचसे मुळात इंचातले आहेत. २५.४ म्हणजे एक इंच, २८.६ म्हणजे सव्वा नव्हे, एक आणि एक अष्टमांश इंच, सव्वा इंच म्हणजे ३१.८. आता गंमत बघा, २५.४ हा आकडा एका एकचाकीत दांड्याचा असतो आणि दुसरीत क्लॅम्पचा. फोनवर नुसतं ‘पंचवीस पॉइंट चारचा द्या’ म्हटलं की दुकानदार त्याला वाटेल ते देणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

२८.६ आणि ३१.८ ही साध्या सायकलींमध्येही सर्रास चालणारी मापं आहेत, त्यामुळे क्लॅम्पसाठी परदेशातून काही मागवायची गरज सहसा पडत नाही. जरा बऱ्या सायकल दुकानात तो मिळतो. दांड्याचं मात्र तसं नाही. साध्या सायकलचा सीट पिलर एकचाकीला चालत नाही, कारण एकचाकीची सीट दांड्याच्या डोक्यावरच्या सपाट पट्टीला चार बोल्टांनी बसते. दुकानदार ‘बसवून देतो साहेब’ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. ‘२२.२ चा क्लॅम्प सायकल दुकानांत मिळेलच असं नाही’ असं म्हणणारे भेटतील तेव्हा लक्षात ठेवा की तो आकडा दांड्याचा आहे. त्या दांड्यासाठी क्लॅम्प हवा तो २५.४ चा.

आता प्रकार निवडायचा. हाताने उघडणारा क्विक रिलीज, एका बोल्टचा आणि दोन बोल्टांचा असे तीन असतात. इथे माझं मत ठाम आहे. बिल्डिंगमधली चार-पाच मुलं एकच एकचाकी फिरवून फिरवून शिकणार असतील तर क्विक रिलीज घ्या, दुसरं काही घेऊच नका. दर दहा मिनिटांनी उंची बदलायची आणि दर वेळी ॲलन की (बोल्टची षटकोनी किल्ली) शोधायची, असं झालं की पोरं तशीच चुकीच्या उंचीवर चढतात. एकाच माणसाची एकचाकी असेल, उंची एकदा ठरली असेल, तर एका बोल्टचा क्लॅम्प पुरतो आणि तोच चांगला. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. पायऱ्यांवरून उड्या मारायच्या असतील, सीट हाताने वर खेचून चाक उचलायचं असेल, तर दोन बोल्टांचा घ्या, कारण तिथे दांडा फिरायचा आणि उपसायचा जोर फार येतो. लोकलने जाणाऱ्यांसाठी एक वेगळा हिशोब आहे. मालडब्यात उभं राहिलं तरी क्विक रिलीजची लिव्हर शेजारच्याच्या पिशवीच्या बंदात अडकते आणि उतरताना उघडते. उलट, डब्यात जागा करायची तर सीट उपसून हातात घेता येते, हा फायदाही त्याच लिव्हरचा. मी गर्दीच्या वेळी बोल्टवालाच पसंत करतो.

क्लॅम्प हातात आला की बोल्ट बघा. एम५ (५ मिलिमीटर जाडीचा) असेल तर ४ मिलिमीटरची ॲलन की लागते, एम६ असेल तर ५ ची. सोबत आलेले काळे बोल्ट मजबूत असतात, पण समुद्राच्या हवेत ते फार लवकर लाल होतात. दादर-माहीमपासून वर्सोव्यापर्यंत राहणाऱ्यांना हे सांगायला नको, खिडकीचे गज रोज दिसतातच. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर स्टेनलेस स्टीलचे सुटे ॲलन बोल्ट मिळतात. जुना बोल्ट नमुना म्हणून खिशात घेऊन जा, जाडी आणि लांबी दोन्ही जुळली पाहिजे. स्टेनलेसमध्ये एक खोड असते: कोरडा आवळला तर आटे एकमेकांत रुतून बोल्ट जॅम होतो. म्हणून आट्यांना ग्रीसचं बोट लावल्याशिवाय तो बसवू नये.

जोडणीआधी फ्रेमची तपासणी. नळीच्या तोंडापासून खाली एक उभी फट असते, तिच्याचमुळे नळी आवळली जाते. फटीच्या खालच्या टोकाला बहुधा गोल भोक असतं. ते शोभेचं नाही, फट तिथून पुढे चिरत जाऊ नये म्हणून असतं. जुनी एकचाकी घेत असाल तर या भोकापाशी केसासारखी चीर आहे का ते उजेडात नीट बघा, आणि असेल तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका. मग रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने नळीची आतली बाजू आणि दांडा पुसून घ्या. तोंडाशी धातूचे टोकदार कंगोरे असतील तर बारीक कानस फिरवा.

ग्रीस लावायचं की नाही यावर वाद घालणारे पुष्कळ. मुंबईत माझं उत्तर ‘लावायचं’ असं आहे. ॲल्युमिनियमचा दांडा स्टीलच्या नळीत, वर खारट दमट हवा: दोन वेगळ्या धातूंमध्ये ओल आली की गंज सुरू होतो आणि एका पावसाळ्यानंतर दांडा नळीत असा धरून बसतो की वर्कशॉपवाल्याकडे न्यावा लागतो. पातळ हात द्या, जास्तीचं पुसून काढा. दांडा कार्बनचा असेल तर मात्र ग्रीस अजिबात नाही, तिथे बारीक खर असलेली घर्षणाची पेस्ट लावतात. धातूचा दांडा व्यवस्थित आवळूनही फिरत राहिला तर तीच पेस्ट त्यालाही चालते.

दांडा आत किती जायला हवा? त्यावर किमान खोलीची रेघ कोरलेली असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. रेघ नसेल तर दांड्याचं टोक फटीच्या खालच्या भोकापेक्षा चांगलं खाली गेलेलं असावं, नाहीतर सगळा भार नळीच्या सर्वांत नाजूक जागी येतो. लहान मुलांच्या बाबतीत उलटा प्रश्न येतो: सीट पुरेशी खाली येत नाही, कारण लांब दांडा खाली टायरला टेकतो. दांडा काढा, किती जास्त आहे ते मोजा आणि हॅक्सॉने कापा. पण मूल वाढतं आहे हे विसरू नका. मी तर म्हणेन जुना दांडा जपून ठेवा आणि कापायला दुसरा आणा.

दांडा बारीक आणि नळी मोठी अशी जोडी गळ्यात पडली तर मध्ये शिम घालतात, म्हणजे पातळ ॲल्युमिनियमची बाही. तिची फट आणि फ्रेमची फट एका रेषेत हवी. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळायची युक्ती सगळे सांगतात. तो पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो, त्यामुळे किंचित ढिलाईपुरती युक्ती ठीक आहे, दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाला ती लावू नये.

आता उंची. इथे आपली दुचाकीची सवय आड येते. पाय जमिनीला टेकायला हवेत म्हणून नवखा माणूस सीट खाली घेतो, मग सगळं वजन मांड्यांवर येतं आणि पाच मिनिटांत पाय भरून येतात. एकचाकीवर वजन सीटवर टाकायचं असतं. जे बूट घालून चालवणार तेच घाला, भिंतीला धरून बसा, एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला की उंची बरोबर. चवडा ठेवून चालवाल तेव्हा गुडघा आपोआप थोडा वाकतो. उंची ठरली की नळीच्या तोंडाशी दांड्यावर इन्सुलेशन टेपचा वेढा द्या. मुलं अनेक असतील तर रंग वेगवेगळे घ्या, भांडणं वाचतात.

सीट सरळ करताना पुढची बाजू कुठली ते आधी ठरवा. डाव्या पेडलवर आणि क्रँकवर (पेडल ज्या दांडीला लागतं तिच्यावर) एल कोरलेलं असतं, ते तुमच्या डाव्या पायाखाली आलं पाहिजे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे एकचाकी उलटी धरून चालवली तर पेडल हळूहळू सुटत जातं. फ्रेमची फट बहुतेक वेळा मागे असते. क्लॅम्पची फट तिच्याच रेषेत आणा आणि क्लॅम्प नळीच्या तोंडाला नीट टेकवा, वर दांड्यावर चढलेला नको.

आवळणं हे सावकाशीचं काम. क्लॅम्पवर किती जोराने आवळायचं त्याचा आकडा बहुधा कोरलेला असतो, पाच-सहा न्यूटन मीटर वगैरे. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल तर साध्या आखूड ॲलन कीने हाताच्या जोराने आवळा. कीवर पाइप चढवून जोर लावणारा गॅरेजवाला दिसला की एकचाकी उचलून घरी या, कारण ॲल्युमिनियममधले आटे गेले की क्लॅम्प भंगारात. दोन बोल्ट असतील तर पाव-पाव फेरा आळीपाळीने द्या, एकच पूर्ण आवळलात तर दुसरा फसवा घट्ट लागतो. क्लॅम्पचे दोन कान समांतर राहिले पाहिजेत आणि त्यांच्यात थोडी फट उरली पाहिजे. कान एकमेकांना टेकले आणि दांडा तरीही हलतोय, तर माप चुकलं आहे. आणखी आवळून काही होणार नाही.

क्विक रिलीजची लिव्हर स्क्रूसारखी गोल गोल फिरवून आवळायची नसते. समोरचा नट फिरवून ताण ठरवायचा आणि लिव्हर शेवटी एकदाच दाबून मिटवायची. ती अर्ध्यावर, बोल्टच्या सरळ रेषेत असताना अडायला लागली पाहिजे आणि मिटवताना तळहातावर तिचा वळ उठला पाहिजे. सहज मिटली तर ढिली आहे. मिटल्यावर ती मागच्या बाजूला, फ्रेमला लागून राहील असं बघा, नाहीतर मांडीला घासते.

मग परीक्षा. चाक दोन पायांत धरा, सीटचं पुढचं आणि मागचं टोक पकडून पिळा, आणि मग सीटवर दोन्ही हातांनी भार टाका. फिरली किंवा खाली सरकली तर पुन्हा ग्रीस पुसण्यापासून सुरुवात. सीटखालचे चार बोल्ट आणि दोन्ही टोकांच्या प्लॅस्टिक बंपरचे स्क्रूही बघून घ्या. एकचाकी पडते ती बंपरवरच.

पिशवीत ४ आणि ५ च्या ॲलन की, पेडलचा १५ चा पाना, फडकं आणि टेप एवढं पुरे. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने क्लॅम्प पुन्हा तपासा, नवीन भाग दोन-चार आपटांनंतर बसतात आणि ताण कमी होतो. रेलिंग असलेली सपाट जागा शोधा, पोडियम पार्किंग उत्तम. लोक ‘सर्कस आली का?’ विचारणारच. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये आपल्या सर्कशीचा पहिला खेळ याच मुंबईत केला होता, तेव्हा रागावण्याचं कारण नाही. जुहूला ओल्या वाळूवर चालवलीत तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि दांडा उपसून वाळवा, क्लॅम्पखाली वाळूचा एक कण राहिला तरी दांड्यावर ओरखडे पडतात.

पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा दांडा काढून फ्रेम उलटी करा, आत साठलेलं पाणी निघून जातं. खंडेनवमीला हत्यारं-वाहनं पुसायला निघतात, त्याच दिवशी क्लॅम्प पूर्ण सोडवून बोल्टही साफ करा आणि गंजलेला असेल तर बदला. झेंडूचा हार सीटला घालून पोरं लगेच फेरी मारायला निघतात, त्याआधी तो काढून घ्या. दोरा हबमध्ये गुंडाळला की सोडवायला अख्खी दुपार जाते.