ओपनडब्ल्यूआरटी बसवलेल्या राउटरवर इंटरनेट बंद पडल्यास

मूळ फर्मवेअर (राउटर चालवणारी अंगभूत प्रणाली) काढून ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर बसवलेल्या राउटरवर इंटरनेट बंद पडले, की पहिला संशय त्या फर्मवेअरवर जातो आणि हात रीसेटच्या बटणाकडे वळतो. तो आवरावा. रीसेट केल्यावर केबलवाल्याने दिलेले पीपीपीओईचे (लॉगिन करून इंटरनेट जोडण्याच्या पद्धतीचे) युजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात, आणि ते कागदावर लिहून ठेवलेले नसतील तर मूळ दोष किरकोळ असूनही जोडणी बंदच राहते. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नये.

तपासणी बाहेरून आत करावी. मुंबईत अनेक ठिकाणी केबल एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीवर ओढलेली असते. पावसाळ्यात किंवा रस्ता खोदताना ती तुटते. फायबरच्या डब्यावरचा एलओएस हा दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा संकेतच घरापर्यंत येत नाही आणि राउटरचा काही संबंध नाही. जोडणी फायबरची नसून जिन्यातल्या स्विचवरून आलेली असेल, तर त्या स्विचला वीज आहे का, हे त्याच केबलवाल्याकडून जोडणी घेतलेल्या शेजाऱ्यांना विचारल्यास लगेच समजते.

बाहेर सर्व ठीक असेल, तर संगणक लॅन केबलने जोडून १९२.१६८.१.१ हे पान उघडावे आणि इंटरफेसच्या यादीत वॅनला, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या जोडणीला, आयपी पत्ता मिळाला आहे का, ते पाहावे. मिळाला नसेल, तर सिस्टम लॉग वाचावा. ‘टाइमआउट वेटिंग फॉर पाडो पॅकेट्स’ अशी ओळ दिसली, तर पलीकडून उत्तरच येत नाही. लाइन बंद आहे, व्हीलॅनचा (एकाच तारेतल्या वेगळ्या मार्गिकेचा) क्रमांक चुकला आहे किंवा केबलवाल्याने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक) बांधून ठेवला आहे. ऑथेंटिकेशन फेल झाल्याची नोंद असेल, तर पासवर्ड चुकला आहे किंवा रिचार्ज संपला आहे.

पत्ता मिळूनही काही चालत नसेल, तर तो पत्ता नीट पाहावा. फायबरचा डबा स्वतःच राउटर म्हणून चालत असेल, तर तो बऱ्याचदा १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता देतो. ओपनडब्ल्यूआरटीचे लॅनही, म्हणजे घरातले नेटवर्क, मुळात त्याच पट्ट्यात असल्यामुळे, कोणते पॅकेट आत पाठवायचे आणि कोणते बाहेर, हे राउटरला ठरवता येत नाही. अशा वेळी लॅनचा पत्ता १९२.१६८.२.१ करावा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता मात्र दोष नव्हे; एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटताना केबलवाले तो देतात. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट घरातल्या उपकरणापर्यंत येणारी जोडणी, तेवढे चालत नाही.

यानंतर डायग्नॉस्टिक्समधून ८.८.८.८ ला पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहावे. राउटरवरून पिंग जाते पण घरातल्या संगणकावरून जात नाही, असे झाल्यास वॅनचा इंटरफेस फायरवॉलच्या (ये-जा नियंत्रित करणाऱ्या भागाच्या) वॅन झोनमध्ये आहे का, ते पाहावे. नवा इंटरफेस तयार करताना हे हमखास राहून जाते. दोन्हीकडून पिंग जाते आणि तरीही संकेतस्थळे उघडत नाहीत, तेव्हा दोष डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, असतो. केबलवाल्याचे लॉगिनचे पान खासगी पत्त्यावर असेल, तर डीएनएसमास्क या राउटरमधल्या डीएनएस सेवेचे रीबाइंड संरक्षण (बाहेरच्या नावाला खासगी पत्ता मिळू न देणारे) ते अडवते. त्या नावापुरती सूट द्यावी, संरक्षण सरसकट बंद करू नये.

डीएनएस एन्क्रिप्ट केलेले असल्यास घड्याळ अवश्य तपासावे, कारण हा दोष सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक घरगुती राउटरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर वेळ मागे पडते. वेळ चुकल्याने डीएनएस सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरते, त्यामुळे डीएनएस चालत नाही, आणि वेळ देणाऱ्या सर्व्हरचे नाव शोधायला तर डीएनएसच हवे असते. एनटीपीच्या (वेळ देणाऱ्या सर्व्हरच्या) यादीत नावाऐवजी थेट पत्ता, उदाहरणार्थ गूगलचा २१६.२३९.३५.०, घातल्यास हे चक्र तुटते.

काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट अडकतात, अशी तक्रार असेल, तर पीपीपीओईचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४९२ पेक्षा जास्त नाही ना आणि वॅन झोनवर एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट त्या मर्यादेत ठेवणारी सोय) चालू आहे ना, हे पाहावे.

राउटरचे पानच उघडत नसेल, तरीही रीसेटची घाई नको. संगणकाला १९२.१६८.१.२ हा पत्ता हाताने द्यावा, राउटर सुरू होताना दिवा लुकलुकू लागताच त्याचे बटण दाबावे आणि दिवा अधिक जलद लुकलुकू लागला, की एसएसएचने (आज्ञा टाइप करून दूरून उपकरण चालवण्याच्या सोयीने) १९२.१६८.१.१ वर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून शिरावे. या फेलसेफ (आणीबाणीच्या) अवस्थेत ‘माउंट रूट’ची (mount_root) आज्ञा दिल्यावर जुन्या सेटिंग्ज हाती येतात आणि नेटवर्कच्या फाइलमधली चुकलेली ओळ तेवढी दुरुस्त करता येते.

इंटरनेट पूर्ववत झाल्यावर त्याच बैठकीत सेटिंग्जचा बॅकअप उतरवून घ्यावा. त्यात पीपीपीओईचा पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो, म्हणून ती फाइल कुणालाही पाठवू नये.