सिबिलवर चुकीचं कर्ज दिसतंय: अर्ज कुठं द्यायचा, दिवस कसे मोजायचे

फेडलेलं कर्ज अजून थकीत दिसतंय, हे बहुतेकांना कळतं ते नव्या कर्जाची फाईल परत आल्यावर. मग नुसती सिबिलच्या नावानं ओरड होते. पण सिबिल ही कर्जांच्या नोंदी ठेवणारी कंपनी, ती स्वतःहून नोंद बदलत नाही. बँक किंवा फायनान्स कंपनी जे कळवते, तेच ती दाखवते. म्हणून अर्ज दोन्हीकडे द्यायचा, एकाच दिवशी, आणि पोहोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही.

आधी अहवाल काढा. कर्जाच्या नोंदी ठेवून अहवाल देणाऱ्या अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही काढा, कारण एकीकडे असलेली चूक दुसरीकडे असेलच असं नाही. अॅपवरचा नुसता स्कोअर इथं कामाचा नाही, खात्यांची यादी हवी. स्वतःचा अहवाल पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही, ती भीती सोडा.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात, त्याला डीपीडी म्हणतात, म्हणजे हप्ता किती दिवस थकला. 000 म्हणजे हप्ता वेळेवर, 034 म्हणजे 34 दिवस उशीर. तीन फुल्या दिसल्या तर त्या महिन्याची माहितीच आलेली नाही, तो डाग नव्हे. शेजारी माहिती कळवल्याची तारीख असते, ती नीट बघा. जानेवारी 2025 पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे. कर्ज मिटवून आठच दिवस झाले असतील तर अजून एक पंधरवडा जाऊ द्या.

आता चूक नेमकी कोणती, ते ठरवा. बंद केलेलं खातं चालू दिसत असेल तर बहुतेक वेळा मागं दंडव्याजाचे किंवा चेक परतीचे दीड-दोनशे रुपये राहिलेले असतात. हप्ते संपले म्हणजे खातं संपलं असं नाही. शून्य शिलकीपर्यंतचा कर्जखाते उतारा मागा आणि बेबाकी (नो ड्यूज) दाखला घ्या. दाखल्यावर खाते क्रमांक आणि खातं बंद झाल्याची तारीख दोन्ही हवेत. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर क्रमांक बदललेला असतो. जुना आणि नवा दोन्ही लिहून घ्या, नाहीतर ‘खाते जुळत नाही’ म्हणून अर्ज परत येतो.

तडजोडीत रक्कम कमी भरून मिटवलेलं कर्ज ‘सेटल्ड’ दिसतं. ही चूक नाही, त्यावरची तक्रार फेटाळली जाते. सोडलेली रक्कम भरल्यावर ‘क्लोज्ड’ कळवायला बँक तयार असेल, तर ते आधी लेखी घ्या आणि मगच पैसे भरा.

जामीनदारकीचंही तसंच. आपल्याकडं भावकीत, तालमीच्या दोस्तीत जामीन राहायला कुणी नाही म्हणत नाही. सही खरी असेल तर मूळ कर्जदारानं थकवलेलं कर्ज तुमच्या अहवालात दिसणारच. ‘मालकी’च्या रकान्यात जामीनदार म्हणून नोंद असते. तिथं तुम्हाला मुख्य कर्जदार दाखवलं असेल, किंवा कर्ज फिटूनही नोंद चालू असेल, तर मात्र हक्कानं भांडा.

कर्ज तुमचं नाहीच, अशी केस सगळ्यात गंभीर. नाव किंवा पॅन सारखा वाटल्यानं नोंदी मिसळतात, कधी कागदपत्रं वापरून दुसऱ्यानंच कर्ज उचललेलं असतं. कर्ज देणाऱ्याकडं मूळ अर्ज, केवायसी, करारनामा आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील लेखी मागा. फसवणूक असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. ‘कटकट नको’ म्हणून एकही हप्ता भरू नका, त्यातून कर्ज मान्य केल्याचा अर्थ निघतो.

अर्ज पाच-सहा ओळींत बसतो:

‘माझे कर्ज खाते क्र. ___ दि. ___ रोजी पूर्ण फेडून बंद झाले आहे. दि. ___ च्या अहवालात, कंट्रोल क्र. ___, त्यावर रु. ___ थकीत दिसतात. नोंद दुरुस्त करून चारही क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांना कळवावे. दुरुस्ती नाकारल्यास कारण लेखी द्यावे. सोबत: बेबाकी दाखला, खाते उतारा, अहवालाचे पान.’

कंट्रोल क्रमांक अहवालावरच छापलेला असतो. खाली मोबाइल, ईमेल आणि बँक खाते क्रमांक लिहा. उशीर झाल्यास मिळणारी भरपाई त्याच खात्यात येते. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शाखेनं ‘हेड ऑफिसला पाठवा’ म्हटलं तर अर्ज शाखेत द्याच आणि हेड ऑफिसला स्पीड पोस्टनं दुसरी प्रत पाठवा. त्याच दिवशी सिबिलच्या संकेतस्थळावर त्या खात्यापुरती डिस्प्यूट, म्हणजे चुकीची तक्रार, नोंदवून तिचा क्रमांक जपा.

इथून दिवस मोजा. निकाल 30 दिवसांत लागला पाहिजे, त्यातले 21 दिवस बँकेचे. उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये. तक्रार 52 व्या दिवशी मिटली तर 22 दिवसांचे 2,200 रुपये, निकालानंतर पाच कामकाजी दिवसांत. बँकेनं 21 दिवसांत माहिती पाठवली नाही तर ते बँकेनं द्यायचे, पाठवूनही नोंद तशीच राहिली तर सिबिलसारख्या कंपनीनं. हा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. स्कोअर कसा काढला, या तक्रारीला तो लागू नाही.

30 दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटत नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार फुकट होते, चौकशीसाठी 14448. मात्र पतसंस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. कोल्हापुरात गल्लोगल्ली पतसंस्था असल्यानं इथं अनेकजण फसतात. तिथल्या कर्जाची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची. नोंदीमुळं खरोखर नुकसान झालं असेल तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते, मुदत दोन वर्षं.

‘पाच हजारात सिबिल साफ’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि खोटी नोंद अर्जानं फुकट निघते. दुरुस्ती झाल्याचा मेसेज आला तरी महिन्याभरानं चारही ठिकाणी पुन्हा बघा. सिबिलवर नोंद बदलते आणि क्रिफवर तशीच राहते, असं होतं. तसं दिसलं तर त्याच आवक शिक्क्याच्या प्रतीसह तिथंही डिस्प्यूट टाका.