इंग्रजीतलं कोहिजन शिकताना: नव्यांसाठी थोडं अनुभवाचं

एम.ए. इंग्रजीला भाषाशास्त्र घेतलेली किंवा आयेल्ट्सची (परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेची) तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या वहीत जोडशब्दांची एक यादी असते: मोरओव्हर, फरदरमोअर, ऑन द अदर हँड. यादी जरूर ठेवा, पण कोहिजन, म्हणजे वाक्यं एकमेकांना बांधून ठेवणारी वीण, तेवढ्यावर संपत नाही. हॅलिडे आणि रुकय्या हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ च्या त्यांच्या पुस्तकात वाक्यं जोडणारे पाच प्रकार मांडले: रेफरन्स (‘दोज’, ‘शी’सारख्या शब्दांनी निर्देश), सब्स्टिट्यूशन (एका शब्दाच्या जागी दुसरा), इलिप्सिस (शब्द गाळणं), कंजंक्शन (जोडशब्द) आणि लेक्सिकल कोहिजन (तेच किंवा संबंधित शब्द पुन्हा येणं). तुमची अख्खी यादी त्यातल्या एकट्या कंजंक्शनमध्ये बसते.

बाकीचे चार पाहायचे तर आधी बोलणं ऐका. घरातला हा संवाद घ्या:

«सीन माय कीज?»
«ऑन द फ्रिज.»
«नॉट दोज. द ऑफिस वन्स.»

यात एकही जोडशब्द नाही, तरी तिन्ही वाक्यं घट्ट बांधलेली आहेत. पहिल्यात ‘हॅव यू’ गाळलंय, दुसऱ्यात ‘युवर कीज आर’. ‘दोज’ फ्रिजवरच्या किल्ल्यांकडे बोट दाखवतं, तर ‘वन्स’ कीज या शब्दाच्या जागी उभं राहतं. समोरचा माणूस आणि वस्तू डोळ्यांपुढे असल्यामुळे इतकं गाळलं तरी चालतं. शिवाय बोलण्यात ‘वेल’, ‘सो’, ‘आय मीन’ यांची कामं असतात. रविवारी येणार का, असं विचारल्यावर उत्तर ‘वेल’ने सुरू झालं, की नकार किंवा अडचण पुढे येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. माझा सल्ला आहे की कुठल्याही मुलाखतीची दोन-तीन मिनिटं ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढा, अडखळण्यासकट. काम कंटाळवाणं आहे, पण मला या विषयाची खरी गोडी त्यातूनच लागली.

लिहिताना समोर कोणी नसतं, त्यामुळे सगळा भार मजकुरावर येतो. ‘द युनिव्हर्सिटी पोस्टपोन्ड द एक्झाम. इट अपसेट मेनी स्टुडंट्स.’ इथे ‘इट’ म्हणजे काय, परीक्षा की ती पुढे ढकलणं? ‘इट’च्या जागी ‘धिस डिसिजन’ लिहून पाहा. मागचं अख्खं वाक्य एका नामात गोळा होतं आणि पुढच्या वाक्याला सुरुवात मिळते. इंग्रजी अग्रलेख या युक्तीवर चालतात: धिस व्ह्यू, सच मेझर्स, द प्रॉब्लेम. रोज एका अग्रलेखात अशी नामं अधोरेखित करा आणि प्रत्येकापासून मागे बाण काढा. माझ्या मते व्याकरणाच्या जाड पुस्तकापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आपल्याकडच्या मुलांना आणखी एक अडचण येते. मराठीत ‘मीना काल आली होती, थांबली नाही’ एवढं पुरतं, कारण कोण ते क्रियापदच सांगतं. इंग्रजीत दुसऱ्या वाक्याला ‘शी’ लागतोच. तो सुटू नये म्हणून मुलं प्रत्येक वाक्यात ‘मीना’ लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटतं, दर वेळी नवीनच मीना आली की काय. याच्या उलट, शब्द परत येऊ नये म्हणून एकाच परिच्छेदात गव्हर्नमेंट, अथॉरिटी, ॲडमिनिस्ट्रेशन असे शब्द बदलत राहू नका. तीन वेगळ्या संस्था आहेत असा समज होतो. मुद्द्याचा शब्द खुशाल पुन्हा वापरा.

आयेल्ट्सच्या लेखनात चार निकष समान वजनाचे असतात आणि त्यातला एक कोहिरन्स (एकूण मजकुराचा सुसंगत अर्थ लागणं) अँड कोहिजनचा. त्याच्या वरच्या बँडमध्ये, म्हणजे गुणांच्या वरच्या पायऱ्यांवर, अपेक्षा अशी असते, की वाक्यांचे सांधे वाचणाऱ्याच्या लक्षातही येऊ नयेत. यांत्रिकपणे पेरलेले जोडशब्द तुम्हाला तिथवर पोचू देत नाहीत.

एम.ए.वाल्यांना कोहिजन आणि कोहिरन्समधला फरक लिहावा लागतो. ‘आय बॉट अ पेन. पेन्स नीड इंक. इंक इज ब्लू. द स्काय इज ब्लू टू.’ प्रत्येक वाक्य मागच्याला धरून आहे, पण म्हणायचं काय ते कळत नाही. म्हणजे कोहिजन आहे, कोहिरन्स नाही. असं एखादं उदाहरण स्वतः रचून परीक्षेला जा आणि उत्तरात व्याख्येच्या आधी तेच लिहा.