नव्या लाइव्ह कार्यक्रमाचं निवेदन करताना

नवा लाइव्ह कार्यक्रम सुरू झाला की पहिल्या काही भागांत विघ्नं येतातच. जुन्या कार्यक्रमातही माइक बंद पडतो, पाहुणे उशिरा येतात, फोन कट होतो. पण तिथे फ्लोअर मॅनेजरनं, म्हणजे स्टुडिओत निवेदकाला खुणा करणाऱ्यानं, नुसती भुवई उचलली तरी निवेदकाला काय झालंय ते कळतं. नव्या कार्यक्रमात ही सवय अजून कुणालाच झालेली नसते. प्रत्येक जण आपापलं काम चोख करत असतो आणि घोटाळा होतो तो दोघांच्या कामांमधल्या मोकळ्या जागेत. माझ्या वाट्याला आलेली बहुतेक संकटं तिथलीच. म्हणून या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना आवाज, उच्चार, पेहराव यांच्याही आधी मी एवढंच सांगते की कोण कुणाला काय आणि कधी सांगणार, हे कार्यक्रमाआधी एकत्र बसून ठरवून घ्या.

आमच्या पहिल्याच भागात पाहुणे वेळेवर पोहोचले नाहीत. शीर्षकसंगीत वाजत असताना कानात निरोप आला, ‘पाहुणे नाहीत, वेळ काढ.’ पण किती वेळ? दोन मिनिटं काढायची असतील तर विषयाची प्रस्तावना लांबवता येते. वीस मिनिटं काढायची तर कार्यक्रमाची मांडणीच बदलावी लागते. मला तो आकडा कुणी सांगितला नाही, कारण नियंत्रण कक्षात तो कुणालाच माहीत नव्हता. पाहुण्यांच्या संपर्कात असलेली व्यक्ती दाराशी उभी होती आणि तिच्या कानात टॉकबॅक (नियंत्रण कक्षाचे निरोप ऐकवणारं यंत्र) नव्हता. तेव्हापासून आम्ही निरोपाची पद्धत ठरवली: ‘तीन मिनिटं ओढ, मग व्हीटी.’ व्हीटी म्हणजे आधी तयार करून ठेवलेली चित्रफीत. आधी आकडा, मग पुढची पायरी. आकडा माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं स्पष्ट सांगायचं, तेही चालतं. निवेदकाला खरा धोका अर्धवट निरोपाचा असतो.

अशा वेळी हाताशी राखीव मजकूर लागतो, आणि तो कुठल्याही वाक्यावर थांबवता येईल असा हवा. रंगत जाणारी गोष्ट इथे कामाची नाही. मध्येच पाहुणे आले तर ती तोडताही येत नाही. विषयावरचे सुटे प्रश्न आणि त्यांची छोटी उत्तरं लिहून ठेवा. प्रेक्षकांना मात्र खरी परिस्थिती एकदा, साध्या शब्दांत सांगा. पुन्हा पुन्हा ‘क्षमस्व’ म्हटलं की त्यांचं सगळं लक्ष उणिवेकडेच जातं.

फोनवरच्या प्रेक्षकांशी बोलताना एक विचित्र त्रास होतो, त्याची कल्पना नवख्यांना आधी कुणी देत नाही. आपलाच आवाज क्षणभर उशिरानं इअरपीसमध्ये ऐकू येऊ लागला की जीभ अडखळते, शब्द लांबतात, वाक्य तुटतं. ०.२ सेकंदाच्या आसपासचा उशीर तर भल्याभल्यांना बोलू देत नाही. हा घाबरटपणा नव्हे. आपण बोलतो तेव्हा मेंदू आपला आवाज ऐकत असतो, आणि तो उशिरा पोहोचला की सगळी लय बिघडते. यावर तातडीचा उपाय एकच: इअरपीस काढा, वाक्य पूर्ण करा आणि फ्लोअर मॅनेजरकडे पाहा. कायमचा उपाय ध्वनितंत्रज्ञाकडे असतो. फोन करणाऱ्याला त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सगळं परत पाठवायचं, याला मिक्स-मायनस म्हणतात. आधी एकदा खरा फोन लावून ते तपासून घ्या, ‘होईल सगळं नीट’ यावर विसंबू नका. घरचा टीव्ही बंद करायला लावणंही तितकंच गरजेचं, आणि ते काम फोन जोडून देणाऱ्यानं आधीच करायचं.

उपग्रहामार्फत जोडलेल्या पाहुण्यांची गोष्ट वेगळी. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न तिथवर जाऊन खाली यायला जवळपास पाव सेकंद लागतो, आणि उत्तरालाही तेवढाच. त्या अर्ध्या सेकंदाच्या शांततेत नवा निवेदक हमखास दुसरा प्रश्न टाकतो आणि दोघं एकमेकांवर बोलू लागतात. प्रश्न संपवा आणि थांबा.

कॅमेऱ्यासमोर मजकूर सरकवणाऱ्या टेलिप्रॉम्प्टरबद्दल थोडंच. छापील पानं हातात असूदेत, त्यांना ठळक क्रमांक असूदेत, आणि प्रॉम्प्टर सुरळीत चालू असतानाही पानं सोबत उलटत राहा. तो थांबला की शोधाशोध करावी लागत नाही.

निकाल जाहीर करायचा असेल तर कार्ड आधी नजरेखालून घाला, असा माझा आग्रह असतो. २० डिसेंबर २०१५ रोजी मिस युनिव्हर्सच्या मंचावर निवेदक स्टीव्ह हार्वे यांनी विजेती म्हणून फिलिपिन्सऐवजी कोलंबियाचं नाव घेतलं. त्या कार्डावर उपविजेत्यांची नावं एका बाजूला होती आणि विजेतीचं नाव खाली दुसऱ्या बाजूला. २६ फेब्रुवारी २०१७च्या ऑस्कर सोहळ्यात तर सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाकीटच चुकीचं हाती पडलं. मंचाच्या दोन्ही बाजूंना पाकिटांचा एकेक संच होता, तोही खबरदारी म्हणूनच! आधी दिलेल्या पुरस्काराचं दुसरं पाकीट तसंच उरलं आणि तेच पुढे गेलं. कार्डावर पुरस्काराचं नाव तळाशी, बारीक अक्षरांत होतं. दोन्हीकडे माणसं अनुभवी होती, मांडणी मात्र घाईत वाचण्यासारखी नव्हती. आमच्याकडे आता कार्डावर सगळ्यात वर पुरस्काराचं नाव असतं, त्याखाली मोठ्या अक्षरांत एकच नाव, दुसरं काही नाही. मजकूर विसंगत वाटला तर वाचायचं नाही, मंचावरूनच विचारायचं, हेही ठरलेलं आहे. हार्वे यांनी परत येऊन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं आणि जबाबदारी स्वतःवर घेतली, ते मला फार मोलाचं वाटतं. प्रेक्षकांसमोर दोषी शोधत बसायचं नसतं. तो शोध कार्यक्रमानंतर सगळ्यांनी मिळून घ्यायचा, आणि ‘कुणामुळे झालं’ याऐवजी ‘निरोप कुठे अडकला’ असं विचारायचं. आम्ही ते एका वहीत लिहितो आणि पुढच्या तालमीत नेमका तोच प्रसंग मुद्दाम घडवून पाहतो: पाहुणे नाहीत, माइक बंद, प्रॉम्प्टर थांबला. हे करू लागल्यापासून संकटं आली तरी माणसं एकमेकांकडे पाहत उभी राहत नाहीत.

माइकचं म्हणाल तर वायरलेस माइकच्या बॅटऱ्या प्रत्येक भागाआधी नव्या घाला आणि वायरचा एक माइक पोहोचेल अशा जागी सुरू ठेवा. आणि माइक अंगावर आहे तोवर तो चालूच आहे असं धरा. ११ ऑगस्ट १९८४ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी रेडिओ भाषणाआधीच्या आवाजचाचणीत रशियावर बॉम्बहल्ला सुरू करत असल्याचा विनोद केला. तो प्रक्षेपित झाला नव्हता, तरी जगभर पोहोचला. ‘क्लिअर’ (म्हणजे प्रक्षेपण थांबलं) असं ऐकू आल्यावरही आधी माइक काढून ध्वनितंत्रज्ञाच्या हातात द्या, मग बोला.